शनिवारची डागडुजी

मेम्फिसमधल्या लेमारने गोदामातली नोकरी सोडून चार महिने झाले होते. पडक्या घराच्या मालकाकडून स्वस्तात करार लिहून घ्यायचा आणि तो करारच दुसऱ्याला विकून मधला नफा ठेवायचा, असा धंदा तो शिकून आला होता. घरमालकांना तीनशे पत्रं टाकल्यावर एकच फोन आला, सत्त्याहत्तर वर्षांच्या मिस ओडेसाचा.

"आधी ही तुटकी पायरी तेवढी बघ, बाळा. मी पडले तर सही कोण करणार?" तो करार घेऊन घरी पोचताच त्या म्हणाल्या.

लेमारने पायरी बसवली. पुढच्या शनिवारी मागचं दार, त्याच्या पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरातला नळ. दर वेळी केक मिळायचा, सही नाही. इकडे बायकोने बजावलं होतं, "या महिन्यात जमलं नाही तर मुकाट्याने गोदामात परत जायचं."

महिनाअखेरीस त्याने करार टेबलावर ठेवला. "मिस ओडेसा, आज सही कराच. मी थकलोय आता."

"असं चिडू नकोस. तो भिंती रंगवणारासुद्धा असाच चिडून गेला."

"कोण रंगवणारा?"

"तुझ्यासारखंच पत्र पाठवून आलेला. त्याच्या आधीच्याने खिडक्या बसवल्या. आता इतकं छान झालेलं घर मी विकू कशाला?"

लेमार कागद गोळा करून निघाला. त्या त्याला सोडायला दारापर्यंत आल्या.

 

"तुमच्या धंद्यात छपराचं काम येणारा कुणी आहे का रे?"