दर्यावीर गेला तेव्हा

किन्हवलीचा नरेंद्र समुद्राखालच्या दर्यावीराची चित्रकथा लिहायचा, चित्रंही स्वतःच काढायचा. दर अंकात दर्यावीर तळाशी जायचा, राक्षसी ऑक्टोपस त्याला विळखा घालायचा, श्वास संपत यायचा आणि शेवटच्या पानावर तो सुखरूप वर यायचा. चाळीस अंक झाल्यावर संपादकांनी फोनवर सांगितलं, "काहीतरी नवीन द्या, नाहीतर मालिका बंद."

नरेंद्रला नवीन काही सुचेना. एक्केचाळिसाव्या अंकात त्याने दर्यावीराला सरळ बुडवून टाकलं.

चारच दिवसांनी शेणव्याहून एसटीने जानकीआत्या आली. तिला वाचता येत नव्हतं, पण नात दर अंक तिला वाचून दाखवायची. आल्या आल्या आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि पिशवीतून पिठलं-भाकरीचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"चूल पेटली नसंल तुझी, म्हनून आनलं. गेला रे बिचारा!"

नरेंद्रला हसू आवरेना. "आत्या, अगं, तो कागदावरचा होता!"

"असू दे. घरी कोन कोन हाय त्याच्या? आय हाय का?"

"ती... मी कधी दाखवलीच नाय."

"बायको? पोरं?"

"नाय गं."

आत्याने डोळे पुसायचे थांबवले आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.



"मग मेल्या, चाळीस बारी जीव वाचवून तो वर येत व्हता कुनासाठी?"