'नाही' लिहायला लागलेला वेळ

"दोन्ही हातांचं प्रेशर?" कात्रीबाईने विचारलं. "एका हाताचं रक्त दुसऱ्या हाताला ओळखत नाही वाटतं."

नर्सने कात्रीबाईच्या गरोदर लेकीच्या दुसऱ्या दंडालाही पट्टा गुंडाळला आणि ती आकड्यांकडे बघत राहिली.

बाई चाळीस वर्षं कपडे शिवत होती, पण गल्लीने तिचं नाव कात्रीबाई ठेवलं ते जिभेमुळे. आज सकाळपासून त्या जिभेला उसंत नव्हती. दवाखान्याच्या पडद्याची शिलाई उसवलेली होती. डॉक्टरीण कालची पोर होती. आणि तिसरा महिना सरतो न सरतो तोच रक्त काढायचं, वारेला रक्त नीट पोचतंय का ते पोटावर यंत्र फिरवून बघायचं, हा तर शुद्ध चावटपणा होता.

"प्रेशर चढायचं ते सातव्या-आठव्या महिन्यात," ती म्हणाली, "आणि तुमची धावपळ आत्तापासून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी."

"तेव्हा कळून फारसं काही करता येत नाही, आजी."

"अजून झाले नाही आजी. व्हायचेय."

नर्सने लेकीच्या हातात फाइल दिली. आत छापील प्रश्न होते. दोन-चार उत्तरं भराभर लिहून लेक एका प्रश्नापाशी थांबली. तिने तो मोठ्याने वाचला. "आईला गरोदरपणात प्रेशरचा किंवा झटक्यांचा त्रास झाला होता का?" मग तिने वर पाहिलं. "आई?"

"लिही, नाही. नऊ महिने मशीन मारलं मी. सकाळी ब्लाउजला हुक लावले, दुपारी तू झालीस."

"आणि मावशीला?"

"मावशी काविळीने गेली. शंभरदा सांगितलंय. मेलेल्या माणसाला कशाला कागदावर आणतेस?"

लेकीला हल्ली जुनं उकरायची खोडच लागली होती. मागच्या महिन्यात रक्तगट बघायचा म्हणून तिने ट्रंकेतले कागद मागितले होते. ते उंदरांनी खाल्ले असं कात्रीबाईने सांगून टाकलं. त्यानंतर लेकीने पुन्हा विचारलं नव्हतं.

आता ती फाइल गुडघ्यावर उभी धरून लिहू लागली. लिहीतच राहिली.

"दोन अक्षरांच्या 'नाही'ला एवढा वेळ? नक्षी काढतेस काय?"

"झालं." लेकीने फाइल मिटून नर्सला दिली आणि ती सोनोग्राफीसाठी आत गेली.

कात्रीबाई तिथेच बसली. "त्या प्रश्नाने असं काय मोठं कळतं म्हणे?"

"आईला झालं असेल तर मुलीला धोका वाढतो," नर्स म्हणाली. "प्रेशर, रक्त, सोनोग्राफी आणि घरची माहिती मिळून एक आकडा येतो. मोठा आला की रोज रात्री एक लहानशी गोळी देतो. ती आत्ताच सुरू केली तर उपयोग. पुढे उशीर होतो."

"आणि त्या प्रश्नाला 'नाही' असेल तर?"

"तर आकडा लहान येतो. मग गोळी कदाचित देतही नाही."

कात्रीबाईने "हूं" केलं आणि नाक मुरडलं. पण ते नाक सवयीने मुरडलं होतं. तिला भीती वाटत होती. एवढीशी गोळी. ती तेव्हा कुणी दिली नव्हती. अठ्ठावीस वर्षं पदराआड जपलेली एक गोष्ट आणि आत टेबलावर झोपलेली लेक, दोन्ही एकदम सांभाळता येणार नव्हतं. सकाळपासून सगळ्यांना तुच्छ लेखून झालं होतं. आता तिला स्वतःच्या जिभेचीच किळस आली. लेकीने यानंतर तोंड बघितलं नाही तर न बघो, असं ठरवून ती उठली.

"बाई, त्या कागदात एक चूक आहे. माझ्यामुळे झालेली."

नर्स दुसऱ्या एका बाईच्या दंडाला पट्टा बांधत होती. मान न वळवता तिने फाइल पुढे सरकवली. "चुकीचं खोडा, बाजूला खरं लिहा आणि खाली सही करा. आमच्याकडे दुरुस्ती ज्याची त्याने करायची असते."

कात्रीबाईने चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं आणि तो प्रश्न शोधला. त्याच्यासमोर खोडायला 'नाही' नव्हतंच. लेकीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'हो. आईला बाळंतपणात झटके आले. मी जन्मले आणि ती गेली. सोबत आलीय ती माझी मावशी, तिनेच मला वाढवलं. मला हे माहीत आहे, हे कृपा करून तिला कळू देऊ नका.'