अजून शोधतात

आमच्या बेटाचा दर्यावर्दी विलम बॅरेंट्स उत्तरेच्या बर्फात मेला, त्याला सव्वाचारशे वर्षं झाली. बेटावर, टर्शेलिंगच्या धक्क्यावर, समारंभ होता. पुष्पचक्र पाण्यात सोडायचा मान दरवर्षी आम्हा बचावबोटवाल्यांचा. ते गुंफते औक्या मावशी.

नगराध्यक्ष भाषणात म्हणाले, "त्याचं थडगं अजून सापडलेलं नाही, पण आपण हार मानलेली नाही. उन्हाळ्यात नवी मोहीम निघतेय!"

टाळ्या पडल्या. मी पुष्पचक्रासाठी हात पुढे केला, पण मावशीनं ते सोडलं नाही.

"हेर्को, इतक्या वर्षांनीही शोधतात रे?"

"शोधतात, मावशी."

"माझ्या लेकाची, येल्मरची होडी बुडाली, तेव्हा तुम्ही तीन दिवस शोधलंत. चौथ्या दिवशी तुमचे निळे पडलेले हात बघून मीच म्हटलं, पुरे झालं पोरांनो, घरी जा, बायका वाट बघतायत."

"तू म्हणाली नसतीस, तरी आम्हाला थांबावंच…"

"पण मी म्हटलं ना!" तिनं पुष्पचक्र माझ्या हातात दिलं. "चारशे वर्षं शोधायचं असतं, हे मला कुठं ठाऊक होतं?"