खुंटीवरचं गाठोडं

अंगाला हळद लागलेली, कपाळाला बाशिंग बांधलेलं, आणि जानी मांडवातून उठून सरळ घरात गेली. कशी कोण जाणे, तिला शंका आलीच होती. दाराजवळची खुंटी रिकामी होती.

वीसेक वर्षांपूर्वी ती वेवजी गावात तुक्याच्या घरी आली, ती एक गाठोडं घेऊन. आत लुगडं आणि विळा. विळा असला की बाई कुठंही पोट भरते. लग्न पुढं कधीतरी लावू असं ठरलं. पाड्यावर अनेकांचं तसंच ठरतं. मग पोरं झाली, लग्न राहिलंच. जानीला त्याची खंत नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटायचं. आपल्याला कुणी बांधलेलं नाही, आपण आपल्या मर्जीनं राहतो, असं मनाशी म्हणत ती भाकरी थापायची. गाठोडं तिनं दाराजवळच्या खुंटीला टांगलं, त्याची गाठ कधी सोडली नाही. भांडण पेटलं की ती नुसती खुंटीकडे बघायची. तुक्याही बघायचा, आणि त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

उद्या लेकीचं, दक्षाचं, संदीपशी लग्न होतं. आईबापाचं लागल्याशिवाय लेकराचं लागत नाही, ही इथली रीत. दक्षानं गळ घातली म्हणून जानी मांडवात बसली. लेकीसाठी एवढं करायलाच हवं. पण लग्न लागायच्या आधीच गाठोडं नाहीसं व्हावं? जानीनं दारामागं, कोपऱ्यात शोधलं.

ती बाहेर आली. गाणी गात लग्न लावणारी धवलेरी मध्येच थांबली. मोबाइल धरलेले हात खाली आले.

"माजं गाठोडं कठं हाय?"

बाशिंगात आधीच अवघडलेला तुक्या उठला. गोठ्यात गेला आणि गाठोडं घेऊन आला. फडकं कोरं होतं.

"जुनं कुजलं व्हतं," तो म्हणाला. "लुगडं नवं घातलंय. विळ्याची मूठ ढिली झालेली, ती पन बसवून घेतली."

"कशाला पन?"

"आता लगीन लागंल. मंग मला धाक कोनाचा? र्‍हाऊ दे खुंटीला."

मांडव हसला. जानीला मात्र रडू आलं, इतकं हलकं वाटलं. डोळे पुसून ती जागेवर बसली आणि धवलेरीला म्हणाली, "लाव लगीन."

दुसऱ्या दिवशी दक्षाची पाठवणी होती. पाण्याचा तांब्या घ्यायला तुक्या घरात आला, तर खुंटी रिकामी. तांब्या तिथंच टाकून तो अनवाणी रस्त्यावर धावला.

जानी जीपजवळ उभी होती. गाठोडं तिनं दक्षाच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि ती लेकीला सांगत होती,

"गाठ सोडू नको. दाराजवळच टांग. संदीपला रोज दिसंल असं."