ब्रेकच्या दिवसाचं आईस्क्रीम

सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून आईस्क्रीमचा पहिला चमचा तोंडात घातला, आणि सुनेला वाटलं, आज नकोच सांगायला. किती चवीने खातात या! तळ्याकाठच्या या बाकावरचा हा शेवटचा कप, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

बातमी तशी गावभर करण्यासारखी होती. काल संध्याकाळी हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. “उद्याचा ब्रेक शेवटचा. परवापासून तू कायम,” असं म्हणून त्यांनी तिच्या हातावर टेबलाच्या खणाची किल्ली ठेवली. शिवणखोलीत खण मिळे तो कायम झालेल्या बायकांनाच. बाकीच्यांनी आपापली कात्री रोज घरून आणायची आणि रोज घरी न्यायची. तिची कात्री तर अशी हाताला बसलेली, की दुसरीच्या कात्रीने तिला सरळ कापताच येत नसे.

सहा महिन्यांचं कंत्राट, मग एक दिवस घरी, मग पुन्हा सहा महिने, असा तिथला शिरस्ता. मध्ये एक दिवस गेला की जुनं माणूस नवं होतं म्हणे. चादरींच्या कडा आणि डॉक्टरांच्या डगल्यांचे खिसे शिवून तिची बोटं राठ झाली, ती मात्र नवीच राहिली. तिच्या मागून आलेल्या दोघी कायम झाल्या आणि तिलाच काम सांगू लागल्या. ब्रेक जवळ आला की तिला एकच घोर लागे. पुन्हा बोलावतील की नाही कोण जाणे. खुर्चीवर टाकायला घरून एक उशी न्यावी, असं कितीदा मनात आलं, पण कधी नेली नाही. उद्या आपणच तिथे नसलो तर उशी कोण परत आणणार?

पहिला ब्रेक आला तेव्हा लग्नाला थोडेच दिवस झाले होते. सासरी सगळ्यांची समजूत, की नोकरी पक्की आहे. तिनेही ती मोडली नव्हती. सासूबाईंपुढे खरं बोलायची तिची छातीच झाली नाही. शब्द जपून वापरणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. म्हणून ती रोजच्यासारखी डबा भरून, “येते हं,” म्हणत निघाली आणि या बाकावर येऊन रडत बसली.

थोड्या वेळाने पाहते तो समोर सासूबाई उभ्या. हातात आईस्क्रीमचा कप. मुलाने त्यांचं गोड बंद केलेलं, आणि त्या भर रस्त्यात कप घेऊन उभ्या.

“तू मला पाहिलं नाहीस,” सासूबाई म्हणाल्या. “मीही तुला पाहिलं नाही. सरक जरा.”

तेव्हापासून दोघींची अळीमिळी गुपचिळी. पुढे नोकरीचं घरात सगळ्यांना कळलं, आईस्क्रीमचं मात्र कोणालाच नाही. दर ब्रेकला दोघी डबा घेऊन इथे येत. एरवी घरात भांड्याला भांडं लागायचंच, पण बाकावर बसल्या की सासूबाई चुलतसासऱ्यांच्या घोरण्याची अशी नक्कल करत, की सून पोट धरून हसे. लाज वाटावी असा तो दिवस तिला हवाहवासा झाला होता. आज किल्ली पिशवीत असूनही तिला मनापासून वाईट वाटत होतं, ते या दिवसासाठी.

“काय गं, गप्पशी?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, मला कायम केलं. काल सांगितलं त्यांनी.” आणि त्यांना काही बोलू न देता तिने घाईघाईने पुढचं सांगून टाकलं. “आता ब्रेक नसणार. पण मी रजा टाकीन. तुमचं आईस्क्रीम बुडू देणार नाही.”

सासूबाईंनी कप बाकावर ठेवला. रुमालाने तोंड पुसलं, मग डोळेही पुसले.

“खण मिळाला?”

“मिळाला. कुलूपसुद्धा आहे.”

“मग कात्री आता तिथेच ठेव. आणि हे घे, तूच संपव.” त्यांनी कप तिच्याकडे सरकवला. “सुटले बाई एकदाची. गार लागलं की दातांतली कळ थेट डोक्यात जाते माझ्या.”

ते घट्ट मिटलेले डोळे सुनेला आता कुठे कळले.

“अहो, मग इतकी वर्षं कशाला खात होतात?”

“त्या दिवशी तू डबा घेऊन निघालीस, आणि कात्री खुंटीलाच लटकत होती. मी तशीच मागोमाग आले. पण रिकाम्या हाताने पुढ्यात उभी राहिले असते, तर जन्मभर मान खाली घालून वावरली असतीस माझ्यापुढे. म्हटलं, आपणही काहीतरी चोरून करताना सापडावं.”