काकांच्या कानाचं नवं मशीन

दिगंबरकाकांच्या कानाचं नवं मशीन भारी होतं. त्यांचा मोबाइल जिथे असेल, तिथलं बोलणं थेट त्यांच्या कानात यायचं. पुतण्या निनादसाठी मुलगी बघायला ते कऱ्हाडला गेले, तेव्हा मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात होता आणि काका बाहेर सोफ्यावर शिरा खात होते.

मुलीचे वडील उसाच्या भावाबद्दल सांगत होते. मध्येच काका मोठ्यांदा म्हणाले, "नाक मोठं आहेच! आमच्या घराण्यातच आहे ते."

वडील दचकले. निनादचा हात नाकावर गेला.

"आणि मुका नाही हो तो! घाबरलाय नुसता. एरवी बोलून बोलून डोकं खातो."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "अगं बाई, केतकी! त्यांना ऐकू जातंय आपलं!" मुलीच्या आईचा आवाज बाहेरपर्यंत आला.

पाणी द्यायला आली तेव्हाच केतकी निनादला आवडली होती, आणि आता काकांनी सगळं घालवलं होतं.

आत केतकीला चार्जरला लावलेला मोबाइल दिसला. तिने तो तोंडाशी धरला आणि हळूच काहीतरी बोलली.

काकांनी निनादला ढोसलं. "ऊठ. नाक चालेल म्हणते. मागच्या अंगणात बोलावलंय तुला."

निनाद जवळजवळ पळतच आत गेला. काका डोळे मिटून, कान देऊन बसले. मग एकदम वैतागले.

"मोबाइलच बंद केला की कार्ट्यांनी!"

"म्हणजे जमलं," मुलीचे वडील म्हणाले.