मापुलेंगच्या घरचा रेडिओ

"आजी, दार उघडा की! नवा आकडा एका मिनिटात लावून देते," लिनेओ पुन्हा म्हणाली. ती रेडिओ केंद्रातली इंजिनियर. केंद्र आज दुपारी जुनी फ्रिक्वेन्सी सोडून नवीवर जाणार होतं, म्हणून सकाळपासून ती घरोघर फिरून लोकांच्या रेडिओची सुई सरकवून देत होती.

मापुलेंग म्हातारी दारातून हलली नाही. खांद्यावरचं ब्लँकेट सावरत म्हणाली, "आमच्या ह्यांच्या रेडिओला परका हात लागायचा नाही. सुई हेच फिरवायचे."

"अगं, नवरा जाऊन किती वर्षं झाली तुझा!" शेजारचा सेखोबे कुंपणावरून ओरडला. "आता काय कबरीतून उठून येणार आहे सुई फिरवायला?"

अंगणात जमलेली माणसं हसली. म्हातारीनं मान ताठ ठेवली. केंद्राच्या मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी तिचं घर. नवरा गेल्यावरही रोज संध्याकाळी त्या घरातून बातम्या यायच्या आणि अख्खं गाव पापाची, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीची, ताटली घेऊन तिच्या अंगणात बसायचं. आज आवाज गेला, की उद्यापासून सगळे सेखोबेकडे. मेल्यानं मुद्दाम मोठा रेडिओ आणला होता. आणि गावाचं एक वेळ जाऊ दे, ते घर मुकं झालं तर रात्र कशी काढायची?

"तुझ्या रेडिओला बॅटरी लागते की नाही गं? कधी आणताना दिसत नाहीस," सेखोबेनं पुन्हा काडी टाकली.

"जपून वापरणाऱ्याला पुरते."

"आणि पाऊस आला की त्याची बोबडी वळते!"

"प्यायलास की तुझीही वळते. म्हणून बायकोनं तुला बदललं का?"

इतक्यात घरातलं गाणं मध्येच तुटलं. जुनी फ्रिक्वेन्सी बंद झाली होती. मापुलेंगनं दाराची चौकट घट्ट धरली. लिनेओ अजून सेखोबेकडं पोचली नव्हती; तिकडं तो स्वतःच आपल्या रेडिओचं बटण पिळत होता. आधी शिट्टी आली, मग खरखर, मग कुठल्या तरी परमुलखातलं प्रवचन.

"थांबा, थांबा, सापडतंय!" तो घामाघूम होऊन म्हणाला.

आणि मापुलेंगच्या घरातून खणखणीत आवाज आला, "लोकहो, ही आमच्या नव्या ट्रान्समीटरची चाचणी आहे. ऐकू येतंय ना?"

"येतंय!" अख्खं अंगण ओरडलं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. म्हातारीची छाती अभिमानानं भरून आली.

"बघितलंस, सेखोबे? ह्याला म्हणतात रेडिओ!"

लिनेओ मात्र चक्रावली. "आजी, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग सुई कुणी सरकवली? आता तर मला बघू द्याच."

मापुलेंगनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. एवढी मोठी गोष्ट एकटीनं पोटात ठेवायची तरी किती? "ये," ती म्हणाली. "पण तू एकटीच."

आत एक खाट होती आणि एक विझलेली लोखंडी शेगडी. शेगडीचा धुराचा नळ वर पत्र्यातून बाहेर गेला होता. लिनेओनं खोलीभर नजर फिरवली, खाटेखाली वाकून पाहिलं. चाचणी चालूच होती. नळ आणि पत्रा जिथं टेकले होते, त्या गंजलेल्या सांध्यातून निवेदकाचा आवाज येत होता. मनोऱ्याच्या इतक्या जवळ गंजका सांधाही केंद्राचा आवाज पकडतो, आकडा कुठलाही असो, हे लिनेओनं आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "रेडिओ कुठंय?"

मापुलेंगनं दार लोटून घेतलं. तिचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

"ह्यांच्या पेटीत. उशाशी मीच ठेवला, मातीआड जायच्या आधी. पण बघ, सुई कशी बरोब्बर फिरवली ह्यांनी!"